पॅरिस-रूबे: दगडी पट्ट्यांसाठी हवा किती ठेवतात, आणि आरेनबर्गच्या आधी एवढी झुंबड कशासाठी?

चाकोरी:

पॅरिस-रूबेबद्दल काही नेमके प्रश्न आहेत. फ्रान्समधली ही एकदिवसीय सायकल शर्यत १८९६ पासूनची, १९७७ पासून सुरुवात पॅरिसच्या उत्तरेला काँपिएन्यहून, अंतर २६० किमीच्या आसपास, त्यात ५५ किमी फरसबंदी आणि शेवट रूबेच्या व्हेलोड्रोममध्ये (सायकलींच्या ट्रॅकवर), एवढं माहीत आहे. ते पुन्हा नको. मला सायकल आणि डावपेच समजून घ्यायचे आहेत.

१) आता टायर किती रुंद आणि हवा किती असते? "कमी हवा" सगळेच म्हणतात, पण कमी म्हणजे किती? आणि मग टायर रिमवर आपटत नाही का?

२) आरेनबर्गच्या जंगलातला दगडी पट्टा शेवटापासून जवळजवळ ९५ किमी दूर आहे. तरीही त्याच्या आधी सगळे संघ शेवटचा किलोमीटर असल्यासारखे का तुटून पडतात?

३) पंक्चर झालं तर कोणी चाक घेतं, कोणी आख्खी सायकल बदलतं, कोणी तसंच रेटतं. हे ठरतं कशावरून?

४) काही जण दगडांच्या मधोमध जातात, काही कडेच्या मातीतून. बरोबर कोण?

---

आरेजोड:

पहिल्या प्रश्नाचं घेतो, बाकीचं जाणकार सांगतीलच.

आधी हिशेब डोळ्यांसमोर ठेवा. २०२४ चा मार्ग २५९.७ किमीचा होता आणि फरसबंदीचे २९ पट्टे मिळून ५५.७ किमी दगड. राहिलेले २०४ किमी डांबर, आणि त्यातले पहिले ९५-९६ तर सलग, त्र्वाविलचा पहिला पट्टा येईपर्यंत. म्हणून नुसतं दगडांसाठी टायर निवडला तर चालत नाही. फार मऊ ठेवला तर डांबरावर वळणात टायर लोळतो आणि उभं राहून जोर मारताना बुळबुळतो. फार कडक ठेवला तर प्रत्येक दगडावर सायकल उडते, आणि चाक हवेत असताना पायातला जोर वाया जातो. शिवाय उडणारं चाक वळत नाही की ब्रेक लागत नाही.

यातून वाट निघाली ती रुंदीची. २५ मिमीवरून ३२ मिमीवर गेलं की टायरच्या छेदाचं क्षेत्रफळ दीडपटीहून जास्त होतं, कारण ते रुंदीच्या वर्गात वाढतं. आत हवा जास्त, त्यामुळे दाब कमी ठेवूनही दगड रिमपर्यंत पोचायला अंतर जास्त. आज ३० ते ३२ सर्रास दिसतात आणि ३५ पर्यंतही जातात. यूसीआयची (सायकलिंगच्या जागतिक संघटनेची) अडचण वेगळ्याच ठिकाणी आहे: टायरसकट चाकाचा व्यास ७० सेंमीच्या आत हवा. रिमचा बसण्याचा व्यास ६२.२ सेंमी, म्हणजे वर-खाली मिळून जेमतेम ७८ मिमी उरतात. ३५ चा टायर त्यात बसतो. खरा अडथळा फ्रेमचा असतो. फोर्कच्या आणि मागच्या त्रिकोणाच्या आत टायरभोवती चार मिमी तरी मोकळी जागा हवी, नाहीतर ओल्या दिवशी चिखल अडकून टायर घासायला लागतो. आणि टायरवर छापलेली रुंदी खरी धरू नका. आतून २५ मिमी रुंद रिमवर ३२ चा टायर ३३-३४ भरतो. कॅलिपरने मोजा.

आता दाब. ७२-७५ किलोचा रायडर, ३२ मिमी ट्यूबलेस, कोरडा दिवस: पुढे ३.३ ते ३.६ बार (हवेच्या दाबाचं एकक), मागे ३.५ ते ३.९, इथून सुरुवात करावी. ८५ किलोच्या रायडरला त्यावर ०.३-०.४ चढवा. २८ मिमी वापरायचा हट्ट असेल तर बार-सव्वा बार जास्त लागतो आणि फायदा बराचसा संपतो.

अचूक आकडा मात्र सरावफेरीतच सापडतो. संघ शर्यतीच्या आधीच्या दिवसांत शेवटचे पट्टे फिरून बघतात ते यासाठीच. पद्धत अशी: एकच पट्टा, एकच वेग, दर फेरीला ०.२ बार कमी. रिमवर दगड लागल्याचा कोरडा "टक्" आवाज आख्ख्या पट्ट्यात एखाद्या वेळी आला तर चालेल. दर शंभर मीटरला यायला लागला की मागच्या आकड्यावर परत जा. मग चाक काढून रिमची कड बोटाने चाचपा. कार्बनच्या रिमला कडेवर बारीक खरखरीत ओरखडा लागला तर तो दाब कमी पडतोय.

हवा कमी पडली की होतं काय? टायर पूर्ण दबतो आणि रबर दगडाची धार व रिमची कड यांच्यात चिरडलं जातं. ट्यूब असेल तर दोन समांतर छिद्रं पडतात. ट्यूबलेसमध्ये ट्यूब नाही, पण टायरची बाजू चिरते किंवा धक्क्याने टायरची कड रिमवरून क्षणभर सुटते आणि फुस्सकन हवा निघून जाते. टायरमध्ये ओतलेला चिकट द्रव, म्हणजे सीलंट, छोटं छिद्र बुजवतं. ३२ मिमीला ४५ ते ६० मिली घाला, त्याहून कमी नको, कारण पातळ थर तासाभराच्या फिरण्यात सगळीकडे पसरून जातो. चिरलेली बाजू मात्र सीलंटने बुजत नाही. म्हणून आत फोमचं इन्सर्ट घालतात. त्याचा मुख्य उपयोग पंक्चर झाल्यानंतर आहे: टायर रिमवरच राहतो आणि रायडर मदत मिळेपर्यंत चालवत राहू शकतो.

हवा भरताना तापमान धरा, हे बरेच जण विसरतात. सकाळी थंडीत भरली आणि दुपारी दहा अंश चढले, तर साडेतीन बारचे जवळपास ३.६५ होतात. दगडांवर तेवढा फरक जाणवतो. शेवटचा दाब सुरुवातीच्या जागेवर, त्याच एका गेजने बघावा. दोन गेजमध्ये ०.२ चा फरक सहज निघतो.

चालता चालता हवा कमी-जास्त करणारी हबमधली (चाकाच्या मध्यभागातली) पंपाची यंत्रणाही आली आहे. २०२३ ला जम्बो-व्हिस्मा संघाच्या काही रायडरनी ग्रावा कंपनीची वापरली. पट्टा आला की बटण दाबून हवा सोडायची, डांबर लागलं की चाक फिरतं त्यावरच पंप चालून हवा भरते. कल्पना या शर्यतीसाठीच जन्मल्यासारखी आहे. वजन आणि बिघडायला एक भाग वाढला, एवढीच तिची किंमत.

---

पाठचा_वारा:

दुसरा प्रश्न माझ्या आवडीचा.

हे सरळ गणिताने बघा. पट्टा सुरू झाला की रस्ता तीनेक मीटरचा होतो आणि चालवण्यासारखी एकच वाट उरते, मधली. घोळका लांब होऊन एकामागे एक लागतो. एका रायडरमागे अडीच मीटर धरले तर दहाव्या आणि एकशेविसाव्या रायडरमध्ये २७५ मीटर पडतात. ताशी ४५ किमी म्हणजे सेकंदाला १२.५ मीटर. हिशेब करा: २२ सेकंद. कोणी पडलेलं नाही, कोणाचं पंक्चर नाही, सगळे सारख्याच ताकदीचे, तरी एवढं अंतर आयतं पडलं. आता पंधराव्या जागेवरचा एक जण आडवा पडला असं समजा. रस्ता बंद. मागचे पाय टेकून उभे. पुढचे चौदा निघून गेले.

हे अंतर भरून काढायचं कुठे? आरेनबर्गनंतर पट्टे भराभर येतात. ऑर्नँचा पट्टा तर ३.७ किमीचा आहे. दोन पट्ट्यांमधल्या डांबरावर पाठलाग करून जवळ यावं, तोवर पुढचा पट्टा लागतो आणि पुन्हा एकेरी रांग. पाठलाग करणारा प्रत्येक वेळी जास्त ताकद घालतो आणि मिळवतो कमी.

आरेनबर्गच का, तर त्याची घडणच तशी आहे. १९६८ ला मार्गात आला, सायकलपटू ज्याँ स्ताब्लिन्स्कीच्या सुचवण्यावरून. तो त्याच भागातला, तिथल्या खाणीत काम केलेला माणूस. २.३ किमी, नाकासमोर सरळ, रेल्वे फाटक ओलांडलं की सुरू. पहिला भाग किंचित उताराचा, त्यामुळे घोळका ताशी साठच्या आसपास वेगाने येऊन थेट सर्वात ओबडधोबड दगडांवर आदळायचा. जंगलातला असल्यामुळे ओल टिकते, दगडांच्या सांध्यात गवत आणि शेवाळ धरतं. १९९८ ला योहान म्युझेउ या रायडरचा गुडघा तिथेच फुटला आणि जंतुसंसर्गाने पाय जायची वेळ आली होती. २०२४ ला रायडरांच्या संघटनेच्या मागणीवरून तोंडाशी नागमोडी वळण घातलं, वेग पाडण्यासाठी. त्याच वर्षी गवत खायला तिथे शेळ्या सोडल्या होत्या.

वळण घातल्याने वेग पडला, झुंबड कमी झाली नाही. ती फक्त थोडी अलीकडे सरकली. आता वळणात पहिलं कोण शिरतं यासाठी ढकलाढकली.

म्हणून संघाच्या सात जणांमधले चार-पाच जण या एका कामासाठी खर्च होतात. पुढाऱ्याला (संघाच्या मुख्य रायडरला) वाऱ्याआड ठेवून पट्ट्याच्या आधीच्या दोन-तीन किलोमीटरमध्ये पुढच्या वीसात आणून सोडायचं. ते काम झालं की मदतनीसाची शर्यत जवळजवळ संपते, आणि टीव्हीवर त्याचं नावही येत नाही. मला या शर्यतीत सगळ्यात जास्त कौतुक त्यांचंच वाटतं.

दगडांच्या कितीतरी आधीही हे होऊ शकतं. २०२२ ला इनिऑसच्या संघाने शेवट दोनशे किमीहून दूर असताना आडव्या वाऱ्यात घोळका फोडला आणि व्हान डर पूल, व्हान आर्ट हे दोघे दावेदार मागच्या गटात सापडले. जिंकला त्याच संघाचा डिलन व्हान बाराले. याउलट २०१६ चा मॅथ्यू हेमन सकाळीच घोळका सोडून पुढे पळालेल्या गटात होता. पुढे असल्यामुळे त्याला पट्टे मोकळे मिळाले, कोणाशी भांडावं लागलं नाही, आणि मागून बलाढ्य गट येऊन मिळाल्यावरही त्याच्यात शेवटच्या झेपेपुरती ताकद उरली. मधल्या फळीच्या रायडरसाठी रूबेत पळालेला गट हीच सगळ्यात शहाणी जागा, असं माझं ठाम मत आहे.

---

चाकोरी:

२२ सेकंदांचा हिशेब डोक्यात बसला, आभार. एक उपप्रश्न: पट्ट्यांना तारे देतात ते फक्त लांबीवरून का? आणि क्रमांक उलटे का?

---

पाठचा_वारा:

क्रमांक उलटे कारण किती उरले ते कळावं. पहिला त्र्वाविल २९ किंवा ३०, शेवटचा १. तारे एक ते पाच. लांबी, दगडांचा ओबडधोबडपणा, सध्याची अवस्था आणि शर्यतीतलं स्थान, सगळं धरून. पाच ताऱ्यांचे तीनच: आरेनबर्ग, मों-आं-पेव्हेल आणि कारफूर द लार्ब्र. पैकी मों-आं-पेव्हेल तीन किमीचा, त्यात काटकोनी वळणं आणि चिखल, शेवटापासून अठ्ठेचाळीसेक किमीवर. कारफूर २.१ किमीचा, शेवटापासून सतरा किमीवर. रूबे शहरातला शेवटचा ३०० मीटरचा पट्टा सपाट, नव्याने बसवलेल्या दगडांचा आहे. त्याला १९१२ आणि १९१४ च्या विजेत्या शार्ल क्रुपलांचं नाव दिलंय. तिथे काही ठरत नाही.

---

खटपट्या:

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तीन गोष्टींवर अवलंबून: तुमची गाडी कुठे आहे, पट्टा किती उरलाय, आणि कोणतं चाक पंक्चर झालंय.

संघांच्या गाड्यांची रांग घोळक्यामागे असते, आणि घोळका फुटला की गटांमधलं अंतर पुरेसं होईपर्यंत पंच गाड्यांना पुढे सोडत नाहीत. अरुंद पट्ट्यात गाडी ओव्हरटेक करणं अशक्यच. म्हणजे पट्ट्याच्या मधोमध पंक्चर झालं तर तुमची गाडी दोन-दोन मिनिटं दूर असू शकते. म्हणून प्रत्येक संघ माणसं पुढे पाठवून पट्ट्यांच्या शेवटी उभी करतो, हातात चाकं आणि बाटल्या. चाक डोक्यावर धरून उभे असतात ते हेच. शेवटी का? कारण पंक्चर झालेला रायडर पट्टा संपेपर्यंत रेटत येतो. पट्ट्यात थांबला तर मागून येणारा अंगावर येतो, आणि दगडांवर शून्यातून वेग घेणं हेच मोठं कष्टाचं.

डिस्क ब्रेक आणि थ्रू अॅक्सल (चाकातून आरपार जाणारा, फिरवून आवळायचा दांडा) आल्यापासून चाक बदलणं सावकाश झालं. अॅक्सल फिरवून काढा, डिस्क पॅडच्या फटीत नेमकी बसवा, पुन्हा आवळा. सरावलेला मेकॅनिकही पंधरा-वीस सेकंद घेतो, आणि डिस्क दुसऱ्या कंपनीची किंवा किंचित वेगळ्या जागी असली की शर्यत संपेपर्यंत घासत राहते. तटस्थ (कोणत्याही संघाच्या नसलेल्या) गाडीचं चाक घेताना हीच भीती: १६० की १४० मिमीची डिस्क, कॅसेट (मागच्या गिअरच्या चकत्या) कोणती. त्यामुळे स्वतःच्या संघाची गाडी मागे असेल तर आख्खी सायकल घेणं जलद. गाडी नसेल तर जे मिळेल ते चाक. दोन्ही नसेल तर सहकाऱ्याची सायकल, पण सीटची उंची एक सेंमीच्या आत जुळत असेल तरच. संघ उंचीने जुळणाऱ्या दोघांची जोडी आधीच ठरवून ठेवतात, पेडल तर सगळ्यांचं एकच असतं.

शेवट जवळ आला की गणित बदलतं. २०११ ला योहान व्हान समरनचं मागचं चाक शेवटच्या काही किलोमीटरमध्ये पंक्चर होऊन बसलं. त्याने न थांबता तसंच नेलं आणि जिंकला. वीस सेकंदांची आघाडी आणि वीस सेकंदांचा चाकबदल, थांबून काय उरलं असतं? उलट उदाहरण २०२३ चं. कारफूरमध्ये व्हान आर्ट पुढे निघाला आणि तिथेच त्याचं मागचं चाक गेलं. शेवट अजून पंधरा किमीहून दूर, बसलेल्या चाकावर व्हान डर पूलला रोखणं अशक्य. बदलावंच लागलं.

पूर्वी ट्युब्युलर टायर रिमला डिंकाने चिकटवलेले असायचे. हवा गेली तरी ते निसटत नव्हते, म्हणून बसलेल्या चाकावर चालवणं जास्त भरवशाचं होतं. एफएमबी किंवा द्युगास्टचे हाताने शिवलेले सुती टायर, आत लॅटेक्स ट्यूब, अँब्रोसिओ नेमेसिसची ३२ आऱ्यांची अॅल्युमिनियम रिम. बराच काळ हीच रूबेची ठरलेली जोडी होती. आता इन्सर्ट ते काम करतं.

पंक्चर सोडून बाकी काय बिघडतं तेही सांगतो, कारण ते आदल्या संध्याकाळीच रोखता येतं.

बाटली. पट्ट्याच्या पहिल्या पन्नास मीटरमध्ये बाटल्यांचा सडा पडतो, आणि मागचा रायडर त्यावरून घसरतो. बाटली धरणारं कार्बनचं केज इथे कुचकामी. अॅल्युमिनियमच्या नळीचं केज घ्या, हाताने दाबून आवळा, आतल्या बाजूला खरखरीत ग्रिप टेपच्या दोन पट्ट्या चिकटवा. ५०० मिलीची बाटली ७५० पेक्षा घट्ट बसते. केजच्या स्क्रूला थ्रेडलॉक लावा, ते सुटतात.

हँडलबार आणि सीटपोस्ट. कार्बनला नुसतं आवळून भागत नाही. जोर वाढवला तर नळी तडकते, कमी ठेवला तर दगडांवर हँडलबार खाली फिरतो. मध्ये कार्बन पेस्ट लावा आणि ठरलेल्या टॉर्कलाच आवळा. सीटपोस्टवर टेपची एक गुंडाळी लावून ठेवा. पोस्ट खचली तर टेप वर सरकलेली दिसते, नुसतं "पाय का दुखतोय" म्हणत बसावं लागत नाही. हेडसेट, स्टेम आणि स्टीअरर (हँडलबारला फोर्कशी जोडणारे भाग) याकडे तर अजिबात दुर्लक्ष नको: २००६ ला जॉर्ज हिंकापीचा स्टीअरर चालत्या शर्यतीत तुटला, हँडलबार सुटून हातात आला. पडलेली सायकल बाहेरून चांगली दिसते म्हणून ती तशीच पुढे वापरू नये.

चेन. मोठी चेनरिंग (पेडलजवळची दातेरी चकती) ५४ दातांची किंवा त्याहून मोठी, कारण मार्ग सपाट. धाकटी घेतलीच तर ती ४० च्या वर. दोन चेनरिंगमध्ये जितका फरक कमी तितकी चेन कमी उडते. काही संघ पुढे एकच चेनरिंग लावतात, अरुंद-रुंद दातांची, आणि चेन निसटू न देणारा चेन कॅचर. चेन पूर्वीपेक्षा एक-दोन कड्यांनी आखूड ठेवा. गिअर बदलायचा तो पट्ट्यात शिरण्याच्या आधी. पडल्यावर इलेक्ट्रॉनिक डिरेलर गिअर बदलेनासा झाला तर घाबरू नका. जोराच्या धक्क्याने मोटर स्वतःला जोडणीपासून सोडवून घेते, ती रीसेट करावी लागते. मदतनीसांना हे पाठ असायला हवं.

---

मधलीकमान:

चौथा प्रश्न, आणि आरेजोड यांच्या एका मुद्द्याला थोडी पुरवणी.

फरसबंदी रस्ता मधे फुगीर असतो, पाणी कडेला जावं म्हणून. शेतातले ट्रॅक्टर दोन्ही बाजूंनी चाकोऱ्या पाडतात, त्यामुळे मधली कमान आणखी उठून दिसते. त्या कमानीवर दगड सगळ्यात कमी हललेले असतात. म्हणून मूळ नियम: मधोमध, हातभर रुंद पट्टीवर. तिथून एकदा चाकोरीत घसरलात की परत वर चढताना पुढचं चाक दगडाच्या बाजूला घासून निसटतं. चढायचंच असेल तर तिरकं हळूहळू चढू नका. सपाट जागा बघून, हँडलबार किंचित उचलून, एका झटक्यात.

कडेची माती कोरड्या दिवशी मोहात पाडते. गुळगुळीत, जलद. पण चाकांनी उडालेली सगळी बारीक धारदार खडी तिथेच साचते, आणि माती जिथे संपते तिथे दगडाची उभी कड असते. पंक्चरचं प्रमाण कडेला जास्त ते याने. आरेनबर्गमध्ये तर बाजूला कठडे लावून ती वाट बंदच केली आहे. जिथे मोकळी आहे तिथे कडेने जाणाऱ्याने पुढचे तीस मीटर वाचायचे: प्रेक्षकांचे पाय, खांब, डबकं. डबक्याचा तळ दिसत नसेल तर त्यात शिरू नका.

पकड. हात हँडलबारच्या वरच्या सरळ भागावर, अंगठा खालून, बोटं सैल. घट्ट धरलं की धक्का खांद्यापर्यंत जातो आणि सायकल स्वतःची वाट शोधू शकत नाही. बसूनच चालवायचं, सीटवर किंचित मागे. उभं राहिलं की मागच्या चाकावरचा भार जातो आणि ते जागेवर फिरतं. नेहमीपेक्षा एक-दोन दात जड गिअर, पायाच्या फेऱ्या थोड्या कमी: पेडलवर सतत ताण राहिला की चेन उडत नाही आणि कंबर स्थिर राहते. आणि वेग टिकवा. ताशी ४० ला चाक दगडांच्या डोक्यांवरून निघून जातं, २५ ला प्रत्येक खाचेत उतरतं. थकलेल्या रायडरचे हाल एकदम वाढतात ते यामुळे.

आता पावसाचं. आरेजोड यांनी कोरड्या दिवसाचे आकडे दिलेत. ओल्या दिवशी दोन्ही चाकांचे आणखी ०.२ ते ०.३ कमी करतात, पकडीसाठी. चिखलात वेग कमी असतो, म्हणून रिमवर आपटण्याची भीतीही थोडी घटते. पण ३० मिमीवर हे करताना जपून, तिथे खाली जायला जागाच कमी. २०२१ ला शर्यत एप्रिलऐवजी ऑक्टोबरमध्ये झाली, २००२ नंतरची पहिली खरी चिखलाची रूबे, आणि सोनी कोलब्रेली जिंकला तेव्हा माणूस ओळखू येत नव्हता. ओल्यात वळणाच्या आधीच ब्रेक लावून संपवायचा. वळणात सायकल फार तिरकी करायची नाही, हँडलबार हळूच वळवायचा आणि आतला गुडघा बाहेर काढून समतोल ठेवायचा. कोरड्यातही वळणाचा अंदाज चुकतोच. २०२५ ला ३८ किमी उरलेले असताना पोगाचार वळणात जास्त वेगाने शिरला, बाहेर गेला आणि व्हान डर पूल एकटा निघून गेला.

खाण्याचं कोणी बोललं नाही. तासाला ९० ते १२० ग्रॅम कर्बोदकं धरली तर साडेपाच तासांत पाचशे-साडेसहाशे ग्रॅम. दगडांवर एक हात सोडता येत नाही आणि पट्ट्यांमधलं डांबर जागा धरण्यात जातं. म्हणून पहिल्या ९५ किमीत नियमाने खायचं, नंतर पट्टा संपल्यावरच्या पहिल्या वीस सेकंदांत एक जेल. ज्यांचं हे चुकतं ते मों-आं-पेव्हेलमध्ये उघडे पडतात.

---

आरेजोड:

पावसाची पुरवणी मान्य. फक्त इन्सर्ट नसेल तर ०.३ ने खाली जाऊ नका. चिखलाखालचा उखडलेला दगड दिसतच नाही.

---

चाकोरी:

शेवटचं एक. एवढ्या कमी हवेच्या टायरवर व्हेलोड्रोममधली झेप कशी मारतात? आणि उशिरा पोचणाऱ्यांचं काय होतं?

---

पाठचा_वारा:

उशिराचं आधी. एकदिवसीय शर्यतीचा नियम विजेत्याच्या वेळेपेक्षा ८ टक्के. २०२४ ला व्हान डर पूलने ५ तास २५ मिनिटं ५८ सेकंद घेतले, सरासरी ताशी ४७.८०२ किमी, तोवरची सर्वात जलद. त्याचे ८ टक्के म्हणजे २६ मिनिटं. त्याहून उशिरा आलेल्यांचं नाव क्रमवारीत लागत नाही. तरीही पुष्कळ जण रेटत येतात, आणि त्या ट्रॅकवर त्यांच्यासाठी टाळ्या पडतात.

महिलांचीही शर्यत असते, २०२१ पासून. सुरुवात दनँहून, आरेनबर्ग त्यात नाही, पण मों-आं-पेव्हेल आणि कारफूर आहेत. पहिल्याच वर्षी लिझी डाइननने ८० किमीहून जास्त अंतर एकटीने काढून जिंकली.

आता व्हेलोड्रोम. ट्रॅक ५०० मीटरचा, सिमेंटचा, आत शिरल्यावर दीड फेरी. घंटा शेवटच्या फेरीची. साडेतीन बारचा टायर पूर्ण जोर लावला की बाजूला लोळतो, आणि उतरत्या वळणात ते जास्त जाणवतं. म्हणून झटका बसूनच सुरू करायचा, गिअर आधीच जड टाकून ठेवायचा, आणि उभं राहायचं ते सरळ भागात. समोरच्याच्या मागे, ट्रॅकवर थोडं उंचावर राहायचं. शेवटच्या वळणातून खाली उतरताना तो उतार फुकटचा वेग देतो, पाय थकलेले असताना तोच मोलाचा. आतल्या बाजूने जायला फट मिळेल या आशेवर राहू नका, पुढचा ती देत नाही.

आणि रेषा ओलांडेपर्यंत हँडलबार पुढे ढकला. १९९३ ला फ्रँको बालेरीनीने जिंकलो समजून हात वर केले, फोटोत झिलबेर द्युक्लो-लासाल ८ सेंमीने पुढे निघाला.